मुलांना घाबरवून दार बंद होत नाही

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा सराव, म्हणजे लॉकडाउन ड्रिल, हल्ली फार मवाळ झाली आहे. फायर ड्रिलमुळे शाळांमधले आगीचे मृत्यू थांबले, तसंच इथेही होईल, पण त्यासाठी ड्रिल खरीखुरी वाटली पाहिजे. आधी सांगू नका, गोळ्यांचे आवाज काढा, खोटा हल्लेखोर वर्गावर आणा. मुलांना लपायला नको, लढायला शिकवा. मुलं काय, दोन दिवसांत विसरतात. याला नाकं मुरडणाऱ्या पालकांना पोरांच्या जिवापेक्षा त्यांचे लाड मोठे वाटतात. आणि शेवटी: भारतातल्या शाळांनीही हे आता सुरू करावं.

मी न्यू जर्सीत राहते, माझी मुलगी इथल्याच सरकारी शाळेत जाते, आणि लॉकडाउन ड्रिलला माझा विरोध नाही. म्हणूनच हा मजकूर मला जास्त खटकतो. ज्या गोष्टीची बाजू घेतोय तिचीच तो वाट लावतो.

आधी आगीचं बघू, कारण मजकुराचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. 1 डिसेंबर 1958 रोजी शिकागोतल्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेला आग लागली आणि 92 मुलं व 3 नन्स मृत्युमुखी पडल्या. मजकूर म्हणतो, यानंतर फायर ड्रिल आल्या आणि प्रश्न मिटला. पण फायर ड्रिल अमेरिकेत त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. त्या शाळेत काय नव्हतं ते पाहा. छतात पाण्याचे फवारे नव्हते. जिने लाकडी होते, आणि दुसऱ्या मजल्यावर जिना आणि वर्गांसमोरचा बोळ यांच्यामध्ये धूर अडवणारं दार नव्हतं. बाहेरून उतरायला आगीचा जिना एकच होता. शाळेची घंटा अग्निशमन दलाला जोडलेली नव्हती. तरीही आगीच्या काही आठवडे आधी ही इमारत तपासणीत पास झाली होती, कारण नवे नियम जुन्या इमारतींना लागूच नव्हते. त्या आगीनंतर देशभर हे नियम बदलले. फवारे, बंदिस्त जिने, आग रोखणारी दारं, थेट जोडलेली धोक्याची घंटा, हे सगळं शाळांमध्ये आलं. मुलं वाचू लागली ती आधी इमारती सुधारल्यामुळे, आणि त्या सुधारलेल्या इमारतीतून रांगेने बाहेर पडायची सवय होती म्हणून.

शिवाय फायर ड्रिलच्या दिवशी कुठलीही शाळा जिन्यात रॉकेल ओतून काडी लावत नाही. घंटा वाजते, मुलं कंटाळत, खिदळत मैदानावर जातात, हजेरी होते, परत येतात. तीच खरी फायर ड्रिल, आणि मजकूरवाल्यांनी दाखला म्हणून निवडली तीही तीच.

बरं, खरंखुरं करून मिळतं काय? जानेवारी 2019 मध्ये इंडियाना राज्यातल्या मॉन्टिसेलो गावी मेडोलॉन प्राथमिक शाळेत शेरिफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, माणसांनी शिक्षकांना अशा हल्ल्याचं प्रशिक्षण दिलं. शिक्षकांना भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवलं आणि पाठीमागून प्लास्टिकच्या छऱ्यांनी मारलं. काहींच्या अंगावर वळ उठले, रक्त आलं. शिक्षक संघटनेने हे राज्याच्या विधिमंडळासमोर मांडलं तेव्हा त्याचा बोभाटा झाला. त्यातून एका तरी शिक्षिकेला दार लवकर लावता येऊ लागलं असेल का?

मुलाला शिकायचं असतं ते एवढंच: वर्गात ये, दाराला कुलूप, दिवे बंद, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बस, गप्प राहा. अमेरिकेतल्या हजारो शाळा जी पद्धत वापरतात तिचं सूत्र तीन शब्दांत मावतं: कुलूप, दिवे, नजरेआड. ही पद्धत तयार करणारी ‘आय लव्ह यू गाइज’ ही संस्था कोलोरॅडोतल्या एका जोडप्याची आहे. 27 सप्टेंबर 2006 रोजी प्लॅट कॅन्यन हायस्कूलमध्ये त्यांची मुलगी मारली गेली. संस्थेचं नाव म्हणजे तिने घरच्यांना पाठवलेला मेसेज. इतकं सोसलेल्या माणसांनी शाळांना जे दिलं ते पाच मिनिटांत उरकणारं, शांतपणे करायचं काम आहे. त्यात रंगवलेलं रक्त नाही.

आता ‘लढायला शिकवा’ या मुद्द्यावर मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण तो वाटतो तितका पोकळ नाही. त्याचं मूळ कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमधल्या 20 एप्रिल 1999 च्या गोळीबारात आहे. तिथे मारल्या गेलेल्यांपैकी दहा जण वाचनालयात होते. मुलं टेबलांखाली लपली होती आणि वाचनालयाची दारं उघडी होती. उघड्या दाराच्या खोलीत टेबलाखाली लपणं म्हणजे लॉकडाउन नव्हे. पण ‘लपले म्हणून मेले’ हे वाक्य तिथून जे निघालं ते आजवर चालूच आहे. त्यातूनच प्रतिकार शिकवणारे प्रशिक्षणाचे धंदे उभे राहिले. 2015 मध्ये अलाबामातल्या एका मिडल स्कूलने तर पालकांना पत्र लिहिलं, की मुलांबरोबर मक्याचा किंवा वाटाण्याचा एकेक डबा पाठवा. बंदूकवाला वर्गात आलाच तर मुलं तो फेकून मारतील.

आणि कुलूप लागलेल्या दारांचं काय झालं ते बघा. कनेटिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत 14 डिसेंबर 2012 रोजी 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. तिथल्या वर्गांची दारं बाहेरून, किल्लीनेच बंद व्हायची. म्हणजे कुलूप लावायचं तर शिक्षिकेने गोळीबार चालू असलेल्या बोळात यायचं. कनेटिकट राज्याने नेमलेल्या आयोगाने 2015 च्या अहवालात लिहिलं, की कुलूपबंद वर्गाचं दार हल्लेखोराने फोडून आत शिरल्याची एकही घटना पुढे आली नाही. त्यांची ठळक शिफारस होती आतून लागणाऱ्या कुलपाची. कॅलिफोर्नियातल्या रँचो टेहामा शाळेत 14 नोव्हेंबर 2017 रोजी कर्मचाऱ्यांनी दूरवरून गोळ्यांचे आवाज ऐकले आणि कुणाच्या हुकमाची वाट न बघता सगळ्यांना आत घेऊन दारं लावली. ट्रकने फाटक तोडून आत आलेला माणूस काही मिनिटं दारं हुडकत राहिला, खिडक्या-भिंतींवर गोळ्या झाडल्या आणि निघून गेला. मुलं जखमी झाली, पण शाळेत कुणाचाही जीव गेला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये चौघे मारले गेले; पण गोळ्या झाडणारा मुलगा त्याआधी एका वर्गाच्या दारात उभा होता. दार आपोआप कुलूपबंद होणारं होतं. उघडायला गेलेल्या मुलीला काचेतून बंदूक दिसली आणि तिने दार उघडलं नाही.

उलटीही उदाहरणं आहेत, आणि तीही दाराकडेच बोट दाखवतात. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या हायस्कूलमध्ये 14 फेब्रुवारी 2018 रोजी 17 जण गेले. हल्लेखोर एकाही वर्गात शिरला नाही. बोळातून, दाराच्या काचेतून गोळ्या झाडत गेला. बहुतेक वर्गांत काचेतून न दिसणारे कोपरे आखून ठेवलेले नव्हते आणि काही वर्गांत तिथे टेबलं-कपाटं भरलेली होती. त्यातच गोळीबाराने आगीची घंटा वाजली आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलं नेहमीच्या सवयीने बोळात आली. कोपरा मोकळा ठेवा, लॉकडाउनमध्ये आगीची घंटा वाजली तर काय करायचं ते ठरवा: हे खरे धडे. टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या प्राथमिक शाळेत 24 मे 2022 ला 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तिथे 111 क्रमांकाच्या वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेला ठाऊक होतं, पण दुरुस्तीला कुणी सांगितलं नव्हतं. आणि प्रतिकाराचं म्हणाल तर बाहेर 376 सशस्त्र पोलीस जमले होते. वर्गात शिरायला त्यांना 77 मिनिटं लागली. त्यांना जे जमलं नाही ते आपण चौथीतल्या पोरांकडून वाटाण्याच्या डब्याने करून घ्यायचं म्हणतो आहोत.

मोकळ्या बोळात सापडलेल्या अकरावी-बारावीच्या मुलाने पळावं, हे कुणीच नाकारत नाही. 2019 मध्ये कोलोरॅडोत केंड्रिक कॅस्टियो या 18 वर्षांच्या मुलाने वर्गात बंदूक काढणाऱ्यावर झेप घेतली, स्वतः गेला आणि बाकीच्यांना वाचवलं. त्याच्यापुढे नमस्कारच करावा. पहिलीच्या अभ्यासक्रमात ते घालता येत नाही.

‘हल्लेखोर काय सांगून येतो?’ हे वाक्य मजकुरात ठळक अक्षरांत आहे. फ्लोरिडातल्या लेक ब्रँटली हायस्कूलमध्ये डिसेंबर 2018 मध्ये न सांगता ‘कोड रेड’, म्हणजे लॉकडाउनचा इशारा, जाहीर झाला. मुलांनी रडत घरी निरोपाचे मेसेज पाठवले, कॅफेटेरियातून पळताना चेंगराचेंगरी झाली, घाबरलेल्या पालकांनी पोलिसांना फोन लावले. ती नुसती ड्रिल होती. दुसरीकडे युव्हाल्डीबद्दलच्या टेक्सास विधिमंडळाच्या अहवालात उलटा धोका नोंदवला आहे: मेक्सिकोच्या सीमेजवळ पोलीस गाड्यांचा पाठलाग करत, त्यामुळे शाळेत सतत इशारे येत, आणि त्यामुळे लोकांनी ते गांभीर्याने घेणं सोडलं होतं. इशाऱ्यावर विश्वास टिकवायचा तर ड्रिल असेल तेव्हा ‘ही ड्रिल आहे’ असं स्वच्छ सांगायला हवं. न्यू यॉर्क राज्यात वर्षाला चार लॉकडाउन ड्रिल सक्तीच्या आहेत आणि 2024 पासून पालकांना आधी कळवणंही सक्तीचं आहे. आमच्या न्यू जर्सीत दर महिन्याला एक सुरक्षा ड्रिल होते. जानेवारी 2022 च्या कायद्याने तिच्यात खोटा गोळीबार आणि खोटं रक्त यांना मनाई केली. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यानेही असली नाटकं बंद केली. यातल्या कुणी ड्रिल रद्द केलेली नाही.

‘दोन दिवसांत विसरतात’ याला मजकुरात कसलाच आधार दिलेला नाही. जॉर्जिया टेक हे विद्यापीठ आणि एव्हरीटाउन ही संघटना यांनी 33 राज्यांतल्या 114 शाळांभोवतीच्या सोशल मीडियावरच्या बोलण्याचा ड्रिलच्या आधीचे 90 दिवस आणि नंतरचे 90 दिवस असा अभ्यास केला. ताण आणि चिंता 42 टक्क्यांनी, नैराश्याच्या खुणा 39 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. हे आकडेही डोळे झाकून घेऊ नयेत. एव्हरीटाउन ही बंदूक-नियंत्रणाची बाजू लढवणारी संघटना आहे, आणि पोस्ट लिहिणाऱ्यांत पालक-शिक्षकही होते. शांतपणे, समजावून घेतलेल्या ड्रिलचे निकाल वेगळे आहेत. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौथी ते सहावीच्या मुलांना काय करायचं ते नीट कळलं आणि त्यांची चिंता वाढली नाही. संशोधक जॅकलिन शिल्डक्राउट यांच्या न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमधल्या कामातही मुलांना आपली तयारी झाल्यासारखं वाटलं, जरी सगळ्यांना जास्त सुरक्षित वाटलं असं नाही. सगळ्याच ड्रिल बंद करा म्हणणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींनीही हे वाचायला हरकत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी अकादमीने 2020 मध्ये जी भूमिका घेतली तीही अशीच मधली आहे: तयारी हवी, पण मुलांना फसवून, भीती घालून नको. आता या डॉक्टरांनाही पोरांचे लाड करणारे म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

भारताबद्दल थोडक्यात. 1995 मध्ये हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या समारंभाच्या मंडपाला आग लागून चारशेहून जास्त माणसं गेली. 2004 मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या आगीत 94 मुलं गेली; छप्पर शाकारलेलं होतं. आपल्याकडे आधी उघडे जिने, मोकळे दरवाजे आणि अग्निशामक सिलिंडरवरची मुदत बघावी.

मजकुरात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती न लिहिलेली. हल्लेखोर आभाळातून पडत नाही. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सिक्रेट सर्व्हिसने 2008 ते 2017 मधल्या शाळांवरच्या 41 हल्ल्यांचा अभ्यास केला. हल्लेखोर त्याच शाळांचे विद्यार्थी होते किंवा नुकतेच शाळा सोडलेले. ड्रिलमध्ये तेही त्याच कोपऱ्यात बसलेले असणार. सगळ्यांच्या वागण्यात आधी काहीतरी खटकण्यासारखं दिसलं होतं, आणि बंदुका वापरल्या गेल्या त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश घटनांमध्ये बंदूक आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातली होती. मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये 30 नोव्हेंबर 2021 च्या सकाळी शिक्षिकेला 15 वर्षांच्या मुलाच्या गणिताच्या कागदावर बंदूक आणि रक्ताची चित्रं दिसली. आईवडिलांना बोलावलं. त्यांनी त्याला घरी नेलं नाही, शाळेने दप्तर तपासलं नाही, मुलगा वर्गात परत गेला. दुपारी चार विद्यार्थी मेले. 2024 मध्ये त्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हा ‘बॅक टू स्कूल नाइट’ला, म्हणजे शाळेतल्या पालकभेटीच्या संध्याकाळी, आपण गणिताच्या वरच्या तुकडीची चौकशी करतोच, त्याच्या जोडीला मुख्याध्यापकांना विचारा: वर्गाचं दार आतून लागतं का? बदली शिक्षकाकडे किल्ली असते का? काचेतून न दिसणारा कोपरा मोकळा आहे का? एखाद्या मुलाबद्दल काही ऐकलं तर माझ्या मुलीने ते कुणाला सांगायचं? आणि मूल मित्राकडे खेळायला किंवा रात्री राहायला जाणार असेल तर शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो त्याच फोनवर त्या घरच्यांना हेही विचारा: तुमच्याकडे बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का? पहिल्यांदा विचारताना मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. पलीकडच्या बाईंनी सरळ सांगितलं, आहे, तळघरातल्या तिजोरीत, किल्ली नवऱ्याकडे.