‘गतिरोधक काढा’ म्हणणाऱ्यांनी आधी टेप काढावी

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. गतिरोधकांनी पुणेकरांच्या मणक्यांची वाट लावली, पेट्रोल वाया जातं, अ‍ॅम्ब्युलन्स अडकते, तसाही पुण्यात वेग आहेच कुठे; तेव्हा गल्लीबोळातले सगळे गतिरोधक काढा, ‘ताशी २०’च्या पाट्या लावा आणि लोकांना शिस्त लावा. खाली अंगठ्यांची रांग.

मणक्यांचं आधी घेऊ, कारण तिथे मेसेजवाल्याचं दुखणं खरं आहे. निदान मात्र चुकलंय. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९८८ सालीच गतिरोधकाचं माप ठरवून दिलंय: रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, वर गोलसर चढ-उतार. ताशी २५ किलोमीटरने गेलात तर फारसा दणका न बसता गाडी पार व्हावी, हा त्यामागचा हिशेब. वर पट्टे हवेत, अलीकडे सूचनाफलक हवा. आता आपल्या गल्लीतला बघा. रात्रीतून कुणीतरी डांबराचा ढीग ओतून गेलेला, उंची वीतभर, रुंदी जेमतेम हातभर. किंवा रबरी पट्ट्या ठोकलेल्या. त्यातल्या दोन उखडून गेल्यात आणि खिळे तेवढे वर डोकावतायत. पावसाचं पाणी जावं म्हणून कडेला फूटभर फट सोडलेली असते. सगळ्या दुचाक्या त्या फटीतून, म्हणजे नेमक्या चालणाऱ्याच्या पायाशी, वेग कमी न करता निघून जातात. हा गतिरोधक काढाच. पण त्या जागी मापाचा बांधा. इलेक्ट्रिशियनने वायरिंग बिघडवलं म्हणून कुणी घरातली वीज तोडून टाकत नाही.

पेट्रोलचंही उत्तर इथेच आहे. एकच अवघड उंचवटा असला की माणूस तिथे करकचून ब्रेक मारतो आणि पुढे दुप्पट जोरात पिळतो. ठरावीक अंतराने, साधारण शंभर-सव्वाशे मीटरवर, मापातले उंचवटे असले की मधे पळवून उपयोग नाही हे चालवणाऱ्याच्या ध्यानात येतं आणि गाडी एका संथ चालीत राहते.

‘पुण्यात वेग आहेच कुठे?’ संध्याकाळी सात वाजता लॉ कॉलेज रोडवर नाहीच. म्हणून तर तिथे तुंबलेले लोक प्रभात रोडच्या गल्ल्यांमध्ये शिरतात आणि मुख्य रस्त्यावर गेलेली पाच मिनिटं तिथे वसूल करू पाहतात. सरासरी वेग कमी असल्याने गल्लीतल्या आजींना काही फरक पडत नाही. त्यांच्या अंगावर येणारी गाडी सरासरीने येत नाही. समोर अचानक कुणी आलं, तर ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ५० ने त्या एका सेकंदात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. ताशी ३० ची गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. म्हणजे ती थांबलेली असते त्या जागी दुसरीचा ब्रेक अजून लागायचाच असतो. आणि ५० ने जाऊन वाचतं काय? सहाशे मीटरच्या गल्लीत २९ सेकंद, तेही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर.

अ‍ॅम्ब्युलन्सचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. हॉस्पिटलकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यांवर उंचवटे नकोतच. १९८८ ची ती मार्गदर्शक तत्त्वंही दुय्यम रस्त्यांसाठीच होती. गल्लीत आडवा सलग उंचवटा न घालता सुटे चौकोनी उंचवटे घालता येतात. मोठ्या गाडीची दोन्ही चाकं त्यांच्या दोन बाजूंनी निघून जातात, छोट्या मोटारीचं एक तरी चाक वर चढतंच. दुचाकीला मात्र यातून वाट मिळते, हे कबूल. तिच्यासाठी दुसरे उपाय लागतात.

राहिली शिस्त आणि पाट्या. ‘२०’ची पाटी लावा आणि तिच्याखाली उभे राहून बघा. रस्ता रुंद, सरळ, मोकळा असेल तर पाय आपोआप दाबला जातो, मग चालवणारा प्राध्यापक असो की डिलिव्हरीवाला. रस्त्याचा आकार बदलला की वेग बदलतो. गल्लीच्या तोंडाशी कोपरा ऐसपैस गोल असेल तर गाडी ब्रेक न लावता आत वळते. तोच कोपरा काटकोनाच्या जवळ आणला तर दुचाकीलाही हळू व्हावं लागतं. फुटपाथ गल्लीच्या तोंडावर न तोडता त्याच उंचीवर पलीकडे नेला, की गाडीला चढून यावं लागतं आणि चालणारा सपाट जातो. नेदरलँड्सने १९७६ सालीच अशा संथ निवासी रस्त्यांना कायद्यात जागा दिली.

आपल्याकडे तर फक्त रंगाच्या डब्यात होणारा एक उपाय आहे: पार्किंगच्या जागा बदलणं. सध्या पाट्या असतात पी-वन, पी-टूच्या. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला गाड्या लावायच्या, त्यामुळे रस्ता रोज सरळच राहतो. त्याऐवजी पार्किंग कायमचं ठेवा, पण पहिल्या चाळीस-पन्नास मीटरला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे. मधली वाट नागमोडी होते. अग्निशमनाची गाडी वळेल एवढी जागा आणि कोपऱ्यांवर मोकळी नजर सोडायची, एवढंच पथ्य. मणक्याला धक्का नाही, पेट्रोलची तक्रार नाही. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचाच असेल तर तो यासाठी द्या, सोबत सध्याच्या गतिरोधकावर टेप ठेवून काढलेला फोटो जोडा.