‘कार्ड तगडं घ्या, बाकी काहीही चालतं’: किनाऱ्यावर काय काय चालत नाही

निकालांचे दिवस आले की एक मेसेज गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सगळ्या ग्रुपांवर फिरायला लागतो. ‘मुलाला गेमिंग आणि डिझाइनसाठी पीसी असेंबल करताय? आधी हे वाचा’ असं मथळ्याला आणि खाली सात सल्ले. अर्धं बजेट ग्राफिक्स कार्डात घाला, जास्तीत जास्त जीबीचं (म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) घ्या. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर येतो तोच पुरतो. घरी इन्व्हर्टर असेल तर यूपीएस नको. कोकणात उकडतं, म्हणून लिक्विड कूलर आणि काचेचं कॅबिनेट घ्या. रॅमची एकच मोठी स्टिक घ्या. मॉनिटर कोणताही चालतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या.

लिहिणाऱ्याला पार्ट कळतात, यात शंका नाही. पण हा हिशोब बंद खिडक्यांच्या, एसी लावलेल्या शहरी फ्लॅटचा आहे. रत्नागिरीत मी असे पीसी जुळवून देतो आणि बिघडले की उघडतोही. माझ्याकडे येणारी बरीच दुखणी नेमकी या सल्ल्यांतून आलेली असतात.

आधी कार्ड. नुसतं गेमिंग असेल तर अर्ध्याच्या आसपास पैसे कार्डात जाणं वावगं नाही. खोट आहे ती ‘जास्तीत जास्त जीबी’मध्ये. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड आहे. त्याच्या खोक्यावर ४ जीबी छापलेलं असलं तरी आजचे गेम त्याला झेपत नाहीत, कारण चिपच लहान. स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या आरएक्स ५८० कार्डावर बारीक अक्षरांत ‘२०४८ एसपी’ लिहिलंय का ते पाहा, ती कमी ताकदीची आवृत्ती. मूळ ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (एसपी, चित्राचा हिशोब करणारी छोटी युनिटं) असतात. असं कार्ड मायनिंगमध्ये (क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी दिवसरात्र चालवून) राबून आलेलं असण्याची शक्यताही धरून चाला. जीबी खरोखर उपयोगी पडतात ते ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या दृश्याचं अंतिम चित्र काढताना (रेंडर करताना). तिथे १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कधी कधी ८ जीबीच्या ४०६० ला भारी पडतं, गेममध्ये मात्र बहुतेक वेळा ४०६० पुढे. (३०६० चीही ८ जीबीवाली आवृत्ती आहे, फसू नका.) आणि आपल्याकडचं डिझाइन म्हणजे बहुतेक कोरलड्रॉ आणि फोटोशॉप: दशावताराचे फ्लेक्स, होमस्टेची पत्रकं, आंब्याच्या पेटीची लेबलं. या कामाला आधी वेगवान प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम लागते, कार्ड मागाहून.

एसएमपीएसबद्दलचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावर ‘४५० वॅट’ असं ठसठशीत असतं. त्याच्या बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचीही भूक मुख्यतः त्याच रकान्यातून भागते. तिथे १८ अँपिअर असतील तर गुणाकार करा: २१६ वॅट. आरटीएक्स ४०६० एकटं ११५ वॅट घेतं, रायझन ५ ५६०० प्रोसेसर जोरात चालला की ७६ पर्यंत जातो. झाले १९१. बोर्ड, पंखे, एसएसडी अजून मोजलेच नाहीत, आणि कार्ड क्षणभर उसळी मारतं ती वेगळीच. मग गेम रंगात आला की पीसी पटकन बंद पडतो आणि मुलगा विंडोजला शिव्या घालतो. या जोडीला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे. ‘८० प्लस’चा शिक्का बघा, पण तो फक्त वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. जास्त व्होल्टेज, शॉर्ट सर्किट यांपासून बचाव करणारी सर्किटं आत आहेत का, हे खोक्यावर वेगळं तपासावं लागतं.

हे इतकं ताणून सांगतोय, कारण आपली वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. पण वादळच यायला हवं असं नाही. पावसाळ्यात फांदी पडून लाइनचा न्यूट्रल तुटला की काही घरांत २३० च्या जागी ४०० च्या दिशेनं व्होल्टेज चढतं. त्यात जांभ्याच्या सड्यावरचं अर्थिंग: एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की ते नावापुरतंच उरतं. पीसीच्या पत्र्याला उघडं बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा ते अर्थिंग नसल्याचंच लक्षण असतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडासा करंट पत्र्याकडे सोडतात, त्याला जमिनीत जायला वाट नसते. एसएमपीएस बदलून हे जात नाही. वायरमन बोलवा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला.

इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हे अर्धंच खरं. वीज गेल्यावर बरा एसएमपीएस भरल्या लोडवर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात इन्व्हर्टरनं सूत्रं घेतली तर ठीक, नाहीतर रीस्टार्ट. साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) इन्व्हर्टर असेल आणि मागचं बटण यूपीएस मोडवर असेल तर बऱ्याचदा निभतं. जुना स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाट देणारा) असेल तर या पीसीला जोडूच नका. यूपीएस घेताना व्हीए (खोक्यावरचा मोठा आकडा) नको, वॅट विचारा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॅट. वरच्या जोडीला मॉनिटरसकट तो काठावर येतो, बॅटरी जुनी झाली की हरतो. १००० व्हीएच्या पुढचा घ्या.

आता उकाड्याचा सल्ला. वरच्या रायझनसारख्या, कंपनीच्या कागदावर ६५ वॅटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलरची गरजच नाही. त्याचा पंप गेला की नवा मुंबईहून येईपर्यंत पीसी बंद. साध्या कूलरचा पंखा गावातच मिळतो. आणि खरा शत्रू उकाडा नाही, मीठ आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आठवड्यांमागून आठवडे हवा त्याच्या वरच असते. कार्डाच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी, तांब्याच्या नळीवर हिरवट डाग, मागच्या पोर्टांच्या पत्र्यावर तांबूस गंज, हे सगळं समुद्राजवळच्या घरांतल्या पीसींत दिसतं. गंज दिसला की कार्ड वॉरंटीत घ्यायला नकार मिळू शकतो. म्हणून पुढून जाळी आणि काढून धुता येईल असा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या. पुढे काच असली की हवा आत यायलाच झगडते. पीसी समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका. मागची न वापरलेली स्लॉटची पट्टी काढून टाकू नका, तिथून पाल शिरते, आणि एसएमपीएसमध्ये भाजलेली पाल ही काही विनोदाची गोष्ट नाही.

चाकरमान्यांनी तर जास्तच जपावं. शिमग्याला वापरलेला पीसी थेट गणपतीला चालू करायचा, म्हणजे अख्खा पावसाळा तो थंड आणि ओलसर राहतो. चालू पीसी आतून उबदार असतो, त्यामुळे ओल कमी धरतो. घरात कोणी असेल तर दोन-तीन दिवसांआड तासभर चालू करायला सांगा. कोणी नसेल तर मुंबईला परतताना कार्ड आणि रॅम काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवून जा.

रॅमची एकच स्टिक घेतली तर डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमचा वेग सेकंदाला २५.६ जीबीवर अडकतो, दोन लावल्या की ५१.२. तेव्हा ३२ हवी असेल तर १६ च्या दोन.

मॉनिटर ‘कोणताही’ म्हणणाऱ्यानं बहुधा कधी छपाईचं बिल भरलेलं नाही. टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनलवर मान जरा हलवली तरी रंग बदलतो. हापूसच्या लेबलवरचा केशरी तुम्ही स्क्रीनवर बघून फिका केला, आणि छापखान्यातून पेट्यांवर पिवळा पडलेला आंबा आला, की रीप्रिंट तुमच्या खिशातून. आयपीएस पॅनल (बाजूनं पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारं), एसआरजीबी (रंगांची ठरलेली व्याप्ती) शंभर टक्क्यांच्या जवळ, एवढं तरी मागा. कार्ड एक पायरी खाली आणून पैसे इथे घातले तरी चालतील.

एसएसडीचा सल्ला बरोबर आहे. साटा (जुन्या, केबलच्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, जनरेशन ३ ची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी) साडेतीन हजारांपर्यंत. रोजच्या कामात जनरेशन ४ चा फरक फारसा जाणवत नाही, तेव्हा त्यासाठी जादा मोजू नका. गिऱ्हाइकांच्या फायलींची दुसरी प्रत मात्र साध्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि काम झालं की तिची केबल काढा.