‘तीन वर्षांपर्यंत थांबा’ या फॉरवर्डबद्दल खुलासा

आमच्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा एक मेसेज फिरतोय: ‘मूल उशिरा बोलतं, तीन वर्षांपर्यंत थांबा. थेरपी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, सरकारी सोय काहीच नाही.’

सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची आणि शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लोक ‘डीईआयसी’ म्हणतात) पाठवायचं, अशी योजना आहे. तिथले उपचार मोफत असतात.

थांबण्याबद्दल म्हणाल तर, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडता येत नाहीत, तर दाखवून घ्या. आधी कान तपासा. ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ हे आमच्याही घरात ऐकलंय.

‘थेरपी म्हणजे नुसता खेळ’ ही तक्रार मात्र मी स्वतःही केली होती. थेरपिस्टताई बिस्किटाचा डबा बंद करून लेकीसमोर ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. मला राग यायचा, उघडून द्या की! चौथ्या दिवशी तिने माझ्याकडे बघून डब्यावर हात आपटला. मागणं सुरू झालं होतं, बोलणं नंतर आलं.

पालकांच्या बाकीच्या तक्रारी खऱ्याच आहेत: एसटीचा प्रवास, बुडालेला रोज, लांबची तारीख. त्यावर जरूर भांडू. पण ‘सोयच नाही’ हे खोटं आहे, ते पुढे पाठवू नका.