मामा, आधी गाडीखालून बाहेर या

"गॅरेजवाल्यांची लूट बंद करा! घरच्या घरी गाडीची सर्व्हिसिंग, 7 सोप्या युक्त्या." महिनाभर हा मेसेज फिरतोय. माझं कांजूरमार्गला गॅरेज आहे, त्यामुळे मला तो निदान पंधरा जणांनी पाठवला, बहुतेकांनी हसणाऱ्या तोंडासकट. मी लक्ष दिलं नाही. गेल्या रविवारी मुलुंडला मामांकडे गेलो, तर पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायात निळी स्लिपर. मामांचं वय 68.

म्हणून आता लिहितोय. पोटावर पाय आला म्हणून बोलतोय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे.

युक्ती पहिली: "गाडीसोबत मिळालेल्या जॅकने गाडी उचला, आधाराला विटा किंवा पेव्हर ब्लॉक लावा आणि निर्धास्तपणे खाली जा." हा 'निर्धास्तपणे' ज्याने लिहिला त्याला मला एकदा भेटायचंय.

सोसायटीच्या कामातून उरलेले तीन पेव्हर ब्लॉक मामांनी एकावर एक रचले होते. जॅक स्टेपनीसोबत येतो तोच, कात्रीचा. तो उभा होता ती फरशी गटाराकडे उतरती; पावसाचं पाणी साचू नये म्हणून आपल्याकडे कंपाउंडला उतार देतातच. गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना लावतात ते गुटके नाहीत.

"मामा, बाहेर या."

"अरे दोन मिनिटं, नट सुटतोय."

"मामा, आधी बाहेर या."

ते पान्यासकट सरपटत बाहेर आले. मग मी गाडीला कमरेने एक धक्का दिला. जोरात नाही, लोकलमध्ये शेजारचा देतो तेवढाच. जॅक तिरपा झाला, वरचा ब्लॉक मधोमध तडकला आणि गाडी धप्पकन चाकांवर बसली. मामा काही बोलले नाहीत. कितीतरी वेळ नुसता पाना पुसत राहिले.

इंजिनच्या तळाचा, ऑईल काढायचा नट घट्ट असतो. तो सोडवताना खाली झोपलेला माणूस गाडीला असेच धक्के देत असतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. काँक्रीट सपाट दाबाला भक्कम असतं, पण गाडीच्या खालच्या कडेच्या पत्र्याची धार एका रेघेवर टेकली की ब्लॉक आधी कुरकुरत नाही, थेट फुटतो. "चाकं तर जागेवर होती, गाडी अशी किती खाली येणार?" असं मामीने चहा देताना विचारलं. छोट्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. त्यात मामांची छाती बसत नाही.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. डॅशबोर्डच्या खणात गाडीची पुस्तिका असते. मामांची अजून प्लास्टिकमधून निघालीच नव्हती. तिथेच फाडून मोठ्याने वाचायला लावली: जॅक फक्त चाक बदलण्यासाठी, जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नये. कुठल्याही कंपनीची उघडा, हेच सापडेल. खाली जायचंच असेल तर जमीन सपाट आणि कडक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, जमिनीवरच्या चाकांना गुटके हवेत, आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लोखंडी जॅक स्टँडची जोडी हवी. हायड्रॉलिक जॅक असला तरी तो उचलण्यापुरताच. त्याचं सील कधी दगा देईल ते जॅकलाही माहीत नसतं.

दुसरी युक्ती म्हणते, ऑईल गरम असतानाच काढा. बरं, हे अर्धं खरं आहे. कोमट ऑईल नीट वाहतं, गाळही सोबत येतो. पण हायवेवरून येऊन लगेच नट सोडलात तर ते उकळतं ऑईल मनगटावरून कोपरापर्यंत येतं, आणि बाजूचा सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो तो वेगळाच. अर्धा तास थांबा, चहा प्या.

तिसरी: "इंजिन तापलं तर ओल्या फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडा, थंड पाणी ओता." माझ्या उजव्या हातावर पांढुरका डाग आहे, शिकाऊ असतानाचा. फडकं माझ्याकडेही होतं. आत दाब असतो म्हणून पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन उसळतं. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी गेलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो, म्हणजे पुन्हा आम्हा लुटारूंकडेच.

चौथी वाचून मी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. सीएनजीची गळती शोधायला जोडांजवळ काडी पेटवून धरा म्हणे! टाकीत 200 बारच्या दाबाने भरलेला गॅस, आणि हा माणूस काडी धरतोय. साबणाचं पाणी लावतात हो, बुडबुडे येतात. तेही फक्त कळण्यापुरतं. जोड आवळणं अधिकृत सीएनजी सेंटरवाल्याचं काम. टाकीची दर 3 वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, तेवढं मात्र गाडीवर लावलेल्या सीएनजीच्या प्लेटवर स्वतः बघा.

पाचवी: बॅटरीवर कोला ओतलं की पांढरी बुरशी निघते. निघते, मान्य. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकूनही निघते, आणि मुंग्या लागत नाहीत. पण त्याच ओळीत "आधी प्लस काढा" लिहिलंय ते उलटं आहे. आधी मायनस. प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हातातली अंगठी, कडं आधी खिशात.

जुनं ऑईल गटारात ओतलं की डास मरतात, ही सहावी. पालिका गटारात अळीनाशक तेल फवारते, ते वेगळं. इंजिनचं जळकं ऑईल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. डब्यात भरून गॅरेजला द्या, आम्ही रीसायकलवाल्याकडे पाठवतो.

सातवी: हा मेसेज दहा जणांना पाठवा. सगळ्यांत ही एकच युक्ती मामांनी अगदी तंतोतंत पाळली आहे, म्हणून हे उत्तर मला त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकावं लागतंय.