विप्रोचे 10,000 रुपये आणि ‘घ्या, विसरून जा’चा सल्ला

दिवाळीत शेअर बाजारातल्या मुहूर्ताच्या सौद्यांच्या आसपास एक मजकूर दरवर्षी फोनवर फिरतो. यंदा तो मला माझ्या भाच्याने पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 1980 साली कुणी विप्रोचे 100 शेअर 10,000 रुपयांना घेतले असते आणि हातही न लावता ठेवले असते, तर नुसत्या बोनस (असलेल्या शेअरवर कंपनीने दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिटवर (एका शेअरचे अनेक लहान शेअर करणं) आज तो शेकडो कोटींचा मालक असता. म्हणून चांगल्या कंपनीचा शेअर घ्या आणि विसरून जा. भाव बघू नका, ताळेबंद वाचत बसू नका, धीर धरा. खाली भाच्याची ओळ होती: “मामा, नोकरीतला पहिला बोनस मिळालाय, सगळा एकाच शेअरमध्ये टाकतोय.”

आम्ही जळगाव जिल्ह्यातले. विप्रोची गोष्ट आमच्याकडे फोनच्या आधीपासून आहे, कारण ती कंपनी 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली आणि तिथल्या कित्येक घरांत तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्या घरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तेवीस वर्षं स्वतःच्या पैशाने शेअर घेतल्यावर मला वाटतं, या मजकुराने गोष्ट खरी सांगून शिकवण मात्र चुकीची काढली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी हिशोब. तो बरोबर आहे, हे कबूल केलंच पाहिजे. 1981 ते 1995 या काळात कंपनीने सहा वेळा एकास एक, म्हणजे असलेल्या एका शेअरवर एक नवा, बोनस दिला. मधे 1986 मध्ये 100 रुपये दर्शनी (शेअरवर छापलेल्या) किमतीच्या एका शेअरचे 10 रुपयांचे दहा केले. म्हणजे 100 चे 64,000 झाले. 1997 मध्ये एकाला दोन बोनस, 1999 मध्ये एकाचे पाच: 9,60,000. पुढे 2004, 2005, 2010, 2017, 2019 आणि 2024 चे बोनस धरले की आकडा 5 कोटी 12 लाख शेअरवर जातो. 250 रुपयांचा भाव धरला तर ही रक्कम बाराशे कोटींच्या वर जाते. फक्त एक बारीक गोष्ट: 10,000 हा आकडा दर्शनी किमतीचा आहे. बाजारात शेअर दर्शनी किमतीला मिळतोच असं नाही. शिवाय 1980 मध्ये 10,000 रुपयांत पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास सोनं येत होतं. नोकरदार घरात एवढी रक्कम एका तुपाच्या कंपनीत घालणं ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरा मुद्दा ‘नुसत्या बोनसवर’ या शब्दांचा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हेच शब्द करतात. बोनस शेअर म्हणजे फुकटचा शेअर नव्हे. एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून पोट जास्त भरत नाही. एकास एक बोनस झाला की दुसऱ्या सकाळी भाव निम्म्याच्या आसपास उघडतो, कारण कंपनी तीच, नफा तोच, वाटे मात्र दुप्पट. विप्रोच्या भागधारकांचं भलं झालं ते कंपनी कमावत राहिली म्हणून. तूप, साबण, हायड्रॉलिक सिलिंडर, आयबीएम भारतातून गेल्यावर संगणक, मग सॉफ्टवेअर असा तिचा प्रवास आहे. अझीम प्रेमजी 1966 मध्ये वयाच्या 21 व्या वर्षी, वडील गेल्यावर, कंपनीत आले आणि तिथून हा धंदा बदलत गेला. बोनस ही त्या कमाईची वाटणी होती. आज ‘बोनस येणार’ एवढ्याच बातमीवर शेअर घेणारी माणसं बघतो तेव्हा जीव तुटतो.

तिसरा मुद्दा, ‘चांगली कंपनी घ्या’. 1980 मध्ये ती ओळखायची कशी? सेन्सेक्स 1986 च्या जानेवारीत आला तेव्हा देशातल्या नावाजलेल्या तीस कंपन्या त्यात घेतल्या होत्या. त्यात विप्रो नव्हती. प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्तान मोटर्स होती, आपल्या चंद्रपूरची बल्लारपूर इंडस्ट्रीज होती. त्या वेळच्या जाणत्या माणसाने याच घेतल्या असत्या, आणि त्याला कुणी वेडा म्हटलं नसतं. प्रीमियरची पद्मिनी आणि हिंदुस्तान मोटर्सची अँबेसिडर या गाड्या आता रस्त्यावर क्वचितच दिसतात आणि बल्लारपूर इंडस्ट्रीज पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या शेअरवर 10,000 रुपये लावून चाळीस वर्षं धीर धरणाऱ्यांचा मजकूर कुणी पुढे पाठवत नाही. धीर त्यांनीही तेवढाच धरला होता.

म्हणून विप्रोचा वर्षाला सदतीस-अडतीस टक्क्यांचा चक्रवाढ दर डोळ्यांसमोर ठेवून घराचं गणित मांडू नये. सेन्सेक्सचा पाया 1978-79 साली 100 धरला आहे आणि 2024 च्या जुलैमध्ये तो 80,000 च्या वर गेला. लाभांश सोडून हा दर साधारण सोळा टक्के पडतो. 10,000 चे ऐंशी लाख. त्या काळी निर्देशांकाचे फंड (सेन्सेक्समधल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारे) नव्हते, त्यामुळे हेही कागदावरचंच. पण शक्य काय असतं याचा अंदाज यातून जास्त खरा येतो.

आता ‘भाव बघू नका’. इथे मला जरा थांबायचंय, कारण याचं उत्तर विप्रोनेच दिलं आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये, सॉफ्टवेअरच्या लाटेत, हा शेअर साडेनऊ हजारांच्या पुढे गेला होता. नफ्याच्या शेकडो पट किंमत लोक आनंदाने मोजत होते. पुढच्या दीड-दोन वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त पडझड झाली. मग ज्याने त्या शिखरावर घेतला आणि या मजकुरातल्या सल्ल्याप्रमाणे धीर धरला, त्याचं काय झालं? बोनस जमेस धरून, लाभांश आणि 2013 मध्ये वेगळा काढलेला साबणाचा धंदा बाजूला ठेवून बघा: तो भाव पुन्हा दिसायला 2020 साल उजाडलं. वीस वर्षं. आणि या वीस वर्षांत कंपनी झोपली नव्हती. काही शे कोटींचा नफा 2019-20 पर्यंत साडेनऊ हजार कोटींच्या वर गेला होता. कंपनी उत्तम, माणसं उत्तम, आणि तरी घेणाऱ्याच्या हाती भावातून काहीच नाही, कारण वीस वर्षांची वाढ त्याने पहिल्याच दिवशी विकत घेतली होती.

मूल्य पाहून गुंतवणूक करणं म्हणजे हेच: कंपनीची लायकी काय आणि आपण मोजतोय काय, यात आपल्या बाजूने अंतर ठेवणं. आपला अंदाज चुकला तर ते अंतर आपल्याला सांभाळून घेतं. ‘भाव बघू नका’ म्हणणारा हे अंतरच काढून टाकतो. रोज भाव बघू नका, हे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. घेताना बघा, आणि नीट बघा.

हे मी पैसे घालवून शिकलो. 2007 च्या अखेरीस पायाभूत सुविधांची कामं करणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. सगळीकडे तिचंच नाव होतं. पुढच्या वर्षी भाव निम्मा झाला, मी म्हटलं, आपण दीर्घ मुदतीचे. नऊ वर्षं म्हणत राहिलो. शेवटी एका रविवारी सगळे वार्षिक अहवाल ओळीने जमिनीवर मांडून बसलो. तिसऱ्याच वर्षापासून कर्ज नफ्याच्या किती तरी पट वेगाने वाढत होतं आणि कागदावर नफा दिसत असताना धंद्यातून रोकड येतच नव्हती. सगळं छापलेलं होतं, दर वर्षी घरी येत होतं. मी पाकीट फोडलं नव्हतं. नव्वद टक्के पैसे गेले. त्या दिवसापासून प्रत्येक कंपनीसाठी वहीत एक पान ठेवतो: का घेतला, काय झालं तर विकायचा. अहवाल आला की आधी रोख प्रवाहाचं पान, मग कर्ज, मग प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालक मंडळींनी, शेअर गहाण ठेवलेत का, आणि मग वहीतलं ते पान पुन्हा वाचतो. एका कंपनीला वर्षाकाठी दोन-तीन तास लागतात.

राहिला ‘विसरून जा’. हे शब्दशः पाळणाऱ्यांचं काय होतं ते माझ्या मावशीकडे बघितलं. काका 2004 मध्ये गेले. वाडा पडला, ती मुलाकडे नाशिकला आली. दोन वर्षांपूर्वी पोथ्यांच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत शेअरचे कागद सापडले, कडा पिवळ्या, त्यावर काकांची वळणदार सही. सोबत 42 रुपयांचा न वटवलेला लाभांशाचा धनादेश. कंपनी चांगली चालली आहे, शेअर वाढलेत. पण कायदा असा आहे की सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअरच केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) जातात. पत्रं जुन्या वाड्याच्या पत्त्यावर जाऊन परत फिरत होती. ते परत मिळतात, पण त्यासाठी आयईपीएफ-5 अर्ज, वारसाचा दाखला, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, बँकेकडून सही साक्षांकित करून घेणं, आणि कागदावरचं अर्धवट नाव व पॅनवरचं पूर्ण नाव एकाच माणसाचं आहे याचं प्रतिज्ञापत्र. सत्तरी ओलांडलेली बाई बँकेच्या काउंटरसमोर हे सगळं घेऊन उभी होती.

अमळनेरच्या ज्या घरांनी शेअर सांभाळले, ती विसरलेली नव्हती. कारखाना गावात होता. कंपनीत काय चाललंय हे त्यांना चहाच्या टपरीवर कळायचं. लाभांश बँकेत भरला जायचा, कागद कपाटात नीट असायचे, आणि कुणाच्या नावावर किती हे पुढच्या पिढीला माहीत असायचं. विकायची घाई त्यांनी केली नाही, हे खरं. पण डोळे मिटून बसणं वेगळं.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने पैसे अजून घातलेले नाहीत. शनिवारी तो त्या कंपनीचे पाच वर्षांचे अहवाल घेऊन येतोय, आणि मी त्याला सांगितलंय की येताना एक कोरी वहीही आण. मावशीचा अर्ज कंपनीकडून तपासून पुढे गेला आहे. तिच्या शेअरना या वेळी नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लावून घेतोय.