गाणी, गाणी१, गाणी२

बाबांच्या नाट्यसंगीताची एक हार्डडिस्क, लग्नाच्या फोटोंची एक आणि बॅकअपची एक, अशा तिघी आमच्याकडे तपकीर गल्लीतून आणलेल्या एकाच यूएसबी हबला लोंबकळत असतात. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबंटू, म्हणजे लिनक्सच. डिस्कना नावं द्यायचा त्याचा हिशोब पीएमटीतल्या खिडकीसारखा, जी आधी चढली ती एसडीबी, नंतरची एसडीसी, उद्या क्रम बदलला की नावंही बदलली. म्हणून डिस्कला लेबल द्यायचं, ‘गाणी’, म्हणजे ती मीडियाच्या फोल्डरात त्याच नावाने दिसते. छान चाललेलं असतं आणि मग येतो गुरुवार.

गुरुवारी लाईट जाते. डिस्क नीट अनमाउंट न होता, म्हणजे सिस्टिमचा रीतसर निरोप न घेता, मरते, तिचं रिकामं फोल्डर मागे तसंच राहतं, आणि लाईट आल्यावर लिनक्स बघतो की अरेच्चा, ‘गाणी’ तर आहे, मग हिला ‘गाणी१’ म्हणू. प्लेयर बिचारा जुन्याच रस्त्याने जातो. बाहेरून हाक येते, "अरे, वसंतराव कुठे गेले? काल इथेच होते."

"बाबा, आहेत, शेजारच्या फोल्डरात."

"मग बोलव की त्यांना."

यावर खरा उपाय यूयूआयडी. फॉरमॅट करतानाच डिस्कला मिळालेला ३६ अक्षरांचा नंबर, हबच्या कुठल्याही भोकात घाला, तो बदलत नाही. तो एफएसटॅब फाईलमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या फोल्डरात उघडायची त्या यादीत, लिहायचा, पुढे फोल्डर ठरवून द्यायचं, आणि नोफेल हा शब्द घालायचाच घालायचा. तो नसला आणि डिस्क जोडलेली नसली तर कॉम्प्युटर चालू होताना तिची दीड मिनिट वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोड म्हणून काळा पडदा दाखवून ठप्प बसतो. तोवर बाबांचा चहा पिऊन झालेला असतो आणि "हे विंडोजमध्ये होत नव्हतं" हे वाक्य पण म्हणून झालेलं असतं. नोफेलची पण एक गंमत आहेच, डिस्क नसली तरी ते फोल्डर असतंच, त्यामुळे बॅकअपची स्क्रिप्ट निवांत आतल्याच डिस्कवर सगळं ओतत बसते आणि जागा संपेपर्यंत हूं की चूं नाही, म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट कमांडने विचारून घ्यायचं की बाई, तू आहेस ना खरंच?

एवढं सगळं बसलं आणि गुरुवारची भीती गेली. मग मेहुणा आला. त्याला बाबांची गाणी हवी होती, तर गड्याने फाईली कॉपी न करता डीडी कमांडने अख्खी डिस्कच जशीच्या तशी उतरवली, यूयूआयडीसकट! वर त्यातली आपल्याला नको ती गाणी उडवली, आणि दिवाळीला आला तेव्हा तीच डिस्क आमच्या हबला लावून ठेवली. आता दोघींचा नंबर एकच, एफएसटॅबने कुणाला आत घ्यायचं? त्याने मेहुण्याची घेतली.

"वसंतराव आलेत," बाबा म्हणाले, "पण निम्मेच."

मेहुण्याच्या डिस्कला ट्यून-टू-एफएस कमांडने नवीन यूयूआयडी देऊन टाकला. त्याला सांगितलेलं नाहीये, त्याच्या एफएसटॅबचं तो बघून घेईल.