हाल, आडनाव सातवाहन

वाचनालयात दिलेली मागणीची चिठ्ठी तिसऱ्यांदा परत आली. या वेळी वर लाल शाईत शेरा होता, ‘लेखकाचे पूर्ण नाव लिहा.’ मला हवी होती गाथासप्तशती. माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, संग्राहक हाल राजा. त्याचं पूर्ण नाव कुठून आणू? गेलो काउंटरवर.

“लेखक?” काका.

“हाल.”

“लेखकाचे हाल असायचेच हो. नाव सांगा.”

“तेच नाव आहे. हाल.”

“आडनाव?”

“सातवाहन.” म्हटलं, सुटलो एकदाचा.

“गाव?”

“पैठण.”

काकांनी तेही लिहून घेतलं. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं. “आमच्या वहिनींचं माहेर पैठण. हे आडनाव कधी ऐकलं नाही.” आणि एका बोटाने संगणकात ‘हाल’ टाइप केलं. पडदा भरून निघाला: हालचाल, हालअपेष्टा, राजमहाल. “एवढे हाल आहेत. यातला कुठला?”

काकांवर मी चिडलेलो नाही. चिडलोय तो कार्डांची लाकडी कपाटं गोदामात ढकलणाऱ्यांवर. त्या खणांत ‘गाहासत्तसई (हे मूळ प्राकृत नाव), पाहा: गाथासप्तशती’, ‘हाल, पाहा: सातवाहन’ अशी कार्डं असत. संगणकात नोंदी चढवताना पुस्तकांची कार्डं चढली, ‘पाहा’ची राहिली. पुस्तकांना असतो तसा दाखल क्रमांक त्यांना नव्हता ना! आता एका ग्रंथासाठी सहा नावं ठोकून बघायची: गाथासप्तशती, सप्तशती, सत्तसई, गाहासत्तसई, हाल, शालिवाहन. शिवाय ‘शती’ ऱ्हस्व चढवली असेल तर पुन्हा पहिल्यापासून. जर्मन पंडित वेबरच्या 1881 च्या लाइपझिग आवृत्तीचं नाव ‘सप्तशतकम्’, आणि तेव्हाचे तिकडचे पंडित ‘श’साठी शेपटीवाला सी लिहीत. नोंद करणाऱ्याने शेपटी छाटली की ‘श’चा नुसता सी उरतो आणि पुस्तक कपाटात असूनही नाहीसं होतं.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची 1889 ची आवृत्ती तर लेखकाखाली शोधूच नये. ती ‘काव्यमाला’ या त्यांच्या ग्रंथमालेतला 21 वा ग्रंथ. कित्येक ठिकाणी ती मालेच्या नावानेच नोंदलेली असते, क्रमांकासकट मागावी. नुसतं ‘काव्यमाला’ म्हटलंत तर गुच्छक, म्हणजे त्याच मालेतले छोट्या काव्यांचे संग्रह, हातात पडतात, आणि ते चौदा आहेत.

हस्तलिखितांसाठी जर्मन पंडित ऑफ्रेख्टची 1891 ची सूची उघडावी, तर लिपी रोमन आणि क्रम आपल्या वर्णमालेचा. ‘जी’ शोधायला माणूस एफ आणि एचच्या मध्ये चाचपडतो. ‘ग’ बसलेला असतो क-खच्या शेजारी. हाल अर्थातच शेवटी.

पुस्तक मिळालं तरी गाथा मिळेलच असं नाही. काव्यमालेत शतक (शंभर गाथांचा गट) आणि गाथा असा आकडा, वेबरकडे सलग. म्हणजे 3.25 साठी वेबरमध्ये 225 च्या आसपास बघायचं. ‘आसपास’ अशासाठी, की हस्तलिखितांची पाठपरंपरा बदलली की गाथा जागा बदलतात. सगळ्या परंपरांत सामाईक निघाल्या फक्त 430, आणि सगळ्या मिळून वेबरचा आकडा 964 वर जातो. म्हणून टिपणात आकड्याबरोबर गाथेचे पहिले दोन-तीन शब्द आणि आवृत्तीचं साल लिहावंच. नुसता आकडा उतरवून आणणारा महिन्याभराने त्याच काउंटरवर उभा असतो.

“काव्यमाला एकवीस,” मी म्हणालो.

“मग आधी सांगायचं की!” काका आत गेले आणि चार मिनिटांत परत आले. पुठ्ठा सुटलेला, सुतळीने बांधलेला, पण 1889. “वाचायला मिळेल, घरी नाही. झेरॉक्स नाही. मोबाइल खिशात.” नोंदवहीत त्यांनी स्वतःच मघाची चिठ्ठी उतरवून घेतली. मी सही केली आणि खिडकीजवळची जागा धरली.

गाथांच्या दुसऱ्या शतकापर्यंत आलो होतो. पंखे बंद झाले. काका नोंदवही बघत दारातून ओरडले, “ओ सातवाहन! साडेपाच झाले.”

वाचनालयात मी एकटाच होतो. उठलो.